नव्वद टक्क्यांचे मानकरी

शेअर्सच्या सौद्यांसाठी स्वतःचे भांडवल पुरवणारी प्रॉप फर्म निवडायला आपण बसला असाल, तर कॅल्क्युलेटर आधी दूर ठेवावा. तुलनेसाठी लागणारा एकमेव आकडा, म्हणजे नफ्यातला आपला वाटा, प्रत्येक फर्मने ठळक टायपात छापलेलाच असतो. सत्तरपेक्षा नव्वद टक्के मोठे, एवढे गणित पुरेसे आहे. हजार डॉलरच्या नफ्यातून प्रति शेअर कमिशन, डेटाचे शुल्क आणि सॉफ्टवेअरचे भाडे मिळून ४०० डॉलर आधीच कापले गेले, तर उरलेल्या ६०० चे नव्वद टक्के ५४० होतात आणि काहीही न कापणाऱ्या सत्तर टक्केवाल्याकडे ७०० मिळाले असते, असे कोणी सांगू लागल्यास तो माणूस मनाने कोता आहे असे समजावे.

खात्याच्या आकाराबाबतही असाच उदारपणा ठेवावा. १,००,००० डॉलरच्या खात्यात एकूण तोट्याची मर्यादा दहा टक्के असेल आणि ती ओलांडताच खाते बंद पडत असेल, तर आपल्या हातात वस्तुतः १०,००० डॉलरच असतात. परंतु ‘मी लाखाचे खाते सांभाळतो’ या वाक्याची ऐट त्या दहा हजारांत कशी यावी?

ट्रेलिंग ड्रॉडाउन, म्हणजे नफ्यामागोमाग वर सरकणारी तोट्याची मर्यादा, हा शब्द दिसला की मात्र डोळे आवर्जून मिटावेत. समजा, खाते ५०,००० चे आहे, मर्यादा २,५०० ची आहे आणि ती न वटवलेल्या नफ्यामागेही धावते. आपला सौदा २,००० डॉलर नफ्यात गेला की खाते बंद पडण्याची रेषा ४७,५०० वरून ४९,५०० वर येऊन बसते, आणि भाव मूळ जागी परतला की एक पैसाही न गमावता आपल्याजवळ तोट्यासाठी केवळ ५०० उरतात. नफा दिसल्याबद्दल शिक्षा करणारी इतकी कल्पक योजना आपण शुल्क भरून घेतो, हे विसरू नये.

खाते बंद पडलेच, तर रीसेटचे, म्हणजे ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याचे, शुल्क भरावे. सवलतीची मुदत आज रात्री संपते आणि उद्या सकाळी नव्याने सुरू होते, म्हणून घाई आवश्यकच आहे. बऱ्याच ठिकाणी तथाकथित फंडेड, म्हणजे फर्मचे भांडवल मिळालेल्या, खात्यातले सौदेही प्रत्यक्ष बाजारात न जाता आभासीच राहतात. तेव्हा आपण पुनःपुन्हा भरलेले शुल्क कोणा अनोळखी यशस्वी माणसाच्या पेआउटला, म्हणजे त्याच्या हाती पडणाऱ्या नफ्याच्या वाट्याला, हातभार लावत असेल, असा परोपकारी विचार करून शांत झोपावे.

पेआउटच्या अटी मात्र नफा झाल्यानंतरच वाचाव्यात, म्हणजे बाजारात तुरी असताना भांडण होत नाही. एका दिवसाचा नफा एकूण नफ्याच्या तीस टक्क्यांहून अधिक नसावा असा नियम असेल आणि आपण एकाच दिवशी ९०० कमावले असतील, तर एकूण नफा ३,००० होईपर्यंत पैसे काढता येणार नाहीत. तोवर ट्रेलिंगची रेषा सोबतीला आहेच.

इतके सारे तपासण्याचा कंटाळा आल्यास फर्मांच्या तुलनेचे आयते तक्ते उपलब्ध असतात. आपण तिथल्या कूपनाने नोंदणी केली की तक्ता करणाऱ्याला बहुधा त्याच फर्मकडून कमिशन मिळते, आणि त्याला ना ड्रॉडाउनची मर्यादा असते, ना तीस टक्क्यांचा नियम.