वाडगा भरला की झालं?

चवथ तोंडावर आली आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरायला लागला. थोडक्यात असा: ‘मांजर माणसाचं नसतं, घराचं असतं. त्याला मालक कळत नाही, वाडगा कळतो. गावी जाताना खाणं-पाणी भरून ठेवा, खिडकी किलकिली ठेवा, पाच दिवस बघायला नको. सांभाळणाऱ्याशी फटकून वागलं तर एक दिवस उपाशी ठेवा, आपोआप मांडीवर येईल. गादीवर मुतलं तर सूड उगवतंय असं समजा. दूध दिलं की राग जातो.’

पणजी-मडगावचे फ्लॅट बंद करून माणसं मूळ घरी चवथीला जातात तेव्हा मागे राहणाऱ्या मांजराचं काय, हा प्रश्न खराच आहे. माझी धाकटी बहीण सासरच्या गणपतीला गेली की तिच्या फोंड्याच्या फ्लॅटवरचा बोका माझ्या गळ्यात पडतो. नाव तात्या. कपाटावर बसून तो माझ्याकडे वीजबिल द्यायला आलेल्या माणसाकडे बघावं तसा बघतो. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याच्या बाजूने साक्ष द्यायला याच्यापेक्षा चांगलं मांजर मिळणार नाही. तरीही मेसेज चुकीचा आहे, आणि दोन ठिकाणी तर जिवावर बेतणारा आहे.

‘घराचं असतं’ यात तथ्य आहे, तेवढं मान्य करू. मांजराला ओळखीचे कोपरे आणि ओळखीचे वास लागतात, म्हणून त्याला टोपलीत घालून गणपतीच्या गर्दीत, फटाक्यांत नेण्यापेक्षा त्याच्याच घरी ठेवलेलं बरं. पण यातून निघतं ते एवढंच की कोणीतरी रोज तिथे जायला हवं. कोणीच नको, असं नाही.

‘मालक कळत नाही’ हे मात्र साफ खोटं. जपानमध्ये आत्सुको साइतो यांनी 2013 साली मांजरांना मालकाचा आणि परक्यांचा आवाज ऐकवला. मालकाच्या आवाजाला कान आणि मान हलली. उठून मात्र ती सहसा आली नाहीत. मेसेजवाल्याची गल्लत नेमकी इथे आहे. उठून येत नाही म्हणजे ओळखत नाही, असं तो धरून चालतो. त्याच संशोधिकेच्या 2019 च्या प्रयोगात घरातल्या मांजरांनी स्वतःचं नाव परक्या माणसाच्या तोंडूनही ओळखलं. त्याच वर्षी अमेरिकेत क्रिस्टिन व्हिटाल यांच्या गटाने पिल्लांना दोन मिनिटं एकटं ठेवून सांभाळणाऱ्याला परत आत पाठवलं, तेव्हा सुमारे 64 टक्के पिल्लं त्या माणसामुळे निवांत झालेली दिसली. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाचा 2015 चा अभ्यास वेगळं सांगतो, हेही खरं: मांजर सुरक्षिततेसाठी कुत्र्याइतकं मालकावर विसंबत नाही. पण विसंबत नाही आणि ओळखत नाही, यांत फरक आहे.

आता उपाशी ठेवण्याचा सल्ला. हा कोणी दिला असेल त्याला मांजराचं यकृत माहीत नाही. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, सलग काही दिवस जेवलं नाही तर अंगातली चरबी यकृतात साठते आणि ते निकामी व्हायला लागतं. शिवाय घरचं माणूस गेलं की काही मांजरं आपणहूनच खाणं टाकतात. अशा वेळी फटकून वागणारं मांजर आणि आजारी मांजर लांबून सारखीच दिसतात. पाच दिवसांचा वाडगा एकदम भरला तर ते कधी जेवायचं थांबलं हे कळणारच नाही. वर भाद्रपदातली हवा, मुंग्या, ओल. दुपारपर्यंत त्या वाडग्याकडे आपणही बघणार नाही. तात्या माझ्यासमोर जेवत नाही. मी टाकते, स्वयंपाकघरात जाते, परत येऊन किती उरलं ते बघते. पूर्ण एक दिवस तोंड लावलं नाही तर डॉक्टरला फोन.

सुडाचंही तसंच. गादीवर मुतण्यामागे बहुतेकदा घाण राहिलेली मातीची पेटी (मांजराचा घरातला संडास), ताण किंवा मूत्राशयाचा त्रास असतो. ताणाने मूत्राशयाला सूज येणं मांजरांत चांगलंच माहीत आहे. बोक्यांत भीती आणखी मोठी: मूत्रमार्ग अरुंद, तो तुंबला की एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. बोका पेटीत पुन्हा पुन्हा बसतोय, कण्हतोय, आणि माती कोरडीच आहे, तर आरती सोडून दवाखाना गाठा. म्हणून पेटी मी रोज स्वतः साफ करते, बघण्यासाठीच. कोणी ‘तो रागावलाय गो तुझ्यावर’ म्हटलं तर मी आधी पेटी बघते. बहिणीची उशी मात्र मी धूत नाही, तिला तिचा वास असतो आणि तात्या रात्री तिथेच झोपतो.

खिडकी किलकिली ठेवणं? पावसाळ्यात साप आणि वरच्या मजल्यावरून पडणं, दोन्ही डोक्यात ठेवा आणि बंद करा.

दूध नको. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना ते पचत नाही, जुलाब होतात. बांगडा द्यायचा तर मीठ-मसाला न घालता शिजवून, काटे काढून, थोडा. रुसवा घालवायचाच असेल तर नजर न रोखता हळूहळू डोळे मिटून उघडा. 2020 साली ससेक्स विद्यापीठाने हेच तपासलं, आणि अनोळखी माणसानेही असं केल्यावर मांजरं त्याच्याकडे यायला जास्त तयार झाली. मांडीवर येतील असं त्यांनी म्हटलेलं नाही. तात्याही येत नाही. हल्ली कपाटावरून फ्रिजवर उतरतो.

आणि ज्यांना चवथीला निघायचंय त्यांना एक विनंती. किल्ली देताना सोबत डॉक्टरचा नंबर द्या, आणि सणात कोणता दवाखाना उघडा असतो ते आधीच विचारून घ्या. मांजर एरवी किती खातं आणि कुठे लपतं तेही सांगा. औषधांचं कपाट दाखवा, पण पॅरासिटामॉल मांजराला विष आहे हे सांभाळणाऱ्याला तोंडी बजावा. ताप वाटला म्हणून अर्धी गोळी देणारी माणसं आहेत.