मुलांसाठी 'सोपी' एअर रायफल : खुलासा

'नळी मोडून (म्हणजे खाली वाकवून) भरायची स्प्रिंगची एअर रायफल मुलांना सर्वांत सोपी, कारण तिला ना पंप लागतो ना सिलिंडर' असे विधान सध्या फिरत आहे. ते अर्धेच खरे आहे. अशा रायफलमध्ये प्रत्येक छऱ्याआधी नळी खाली दाबून स्प्रिंग ताणावी लागते, हा जोर अनेक मॉडेलांत मोठ्यांच्या हातांना साजेसा असतो, आणि अर्धवट दाबलेली नळी निसटल्यास बोटे चेंगरतात. याउलट, टाकीत साठवलेल्या दाबाच्या हवेवरील रायफलचा बोल्ट (छर्रा भरताना मागे-पुढे सरकवायचा खटका) हलका असतो, धक्काही नगण्य. मात्र तिची टाकी मोठ्यांनीच भरावी. वजन व दस्त्याची (खांद्याला टेकवायच्या भागाची) लांबी यांचा तर या विधानात उल्लेखच नाही. सोबतची 'कमी ताकदीची म्हणजे निरुपद्रवी' ही पुस्ती सर्वस्वी चुकीची आहे : ४.५ मिमीचा छर्राही डोळा कायमचा निकामी करू शकतो, म्हणून संरक्षक चष्मा आणि शेजारी जाणते माणूस हवेच.