पाल्याविना पालक

गेल्या रविवारी जुळे सोलापुरातल्या एका मंगल कार्यालयात कॉमिक्स आणि ॲनिमे (म्हणजे जपानी कार्टून) यांच्या चाहत्यांचा मेळावा भरला होता. पूर्ण दराचे तिकीट काढून आणि डबल झालेल्या अंकांची पिशवी खांद्याला लावून मी तिथे गेलो, तर प्रवेशद्वाराशी बसलेल्या मुलीने तिकिटाचे अर्धे पैसे मला परत केले. यात तक्रार करण्यासारखे काय आहे, असे कोणालाही वाटेल. तक्रार अशी की, पैशांबरोबर गळ्यात अडकवायला तिने जे कार्ड दिले त्यावर ठळक अक्षरांत ‘पालक’ असे छापलेले होते, आणि पालकांना निम्मा दर होता. मी पालक आहे हे खरे असले तरी इथे त्या नात्याने आलेलो नाही, चाहता म्हणून आलो आहे, असे मी तिला शक्य तितक्या शांतपणे सांगितले. तिने एकदा माझ्या चेहऱ्याकडे, मग जरा जास्त वेळ माझ्या केसांकडे पाहिले आणि अत्यंत प्रेमळ स्वरात विचारले, “हो काका, पण सोबत कोण आहे?”

सोबत वेताळ होता, कॉमिक्समधला, इंग्रजीत ज्याला फँटम म्हणतात तो. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले ते वेताळाच्या कथेनेच, आणि १९९० साली ते बंद पडेपर्यंत मराठी वाचणाऱ्या किती मुलांनी जंगल म्हणजे ताडोबा नव्हे तर वेताळाचे डेंकाली, अशी समजूत करून घेतली होती याची कुठे मोजदाद नाही. त्याच अंकांत जादूगार मॅन्ड्रेक होता, १९७६ पासून आबिद सुरतींनी निर्माण केलेला बहादूरही होता. परंतु स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर आम्ही हात घालायचो तो वेताळासाठी. आता ज्याचे इंद्रजालमधले शेवटचे अंक १९९० साली निघाले, त्याचा चाहता वयाने किती असावा, हे गणित चौथीतल्या मुलालाही जमावे. ‘कॉमिक्सप्रेमींनो, या!’ असा फलक लावणाऱ्यांना ते जमले नव्हते.

या मेळाव्यांचा इतिहास पाहिला तर माझी बाजू आणखी भक्कम होते. १९३९ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचे पहिले जागतिक संमेलन भरले, तेव्हा फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस ही दोघे भविष्यकाळातले म्हणून शिवलेले पोशाख घालून तिथे आली होती. पोशाख डग्लसबाईंनी शिवले होते. आज आवडत्या पात्राचा वेश करून, निळे केस लावून गावोगावी हिंडणाऱ्या मुलांची ही दोघे आद्य दैवते होत, आणि ॲकरमन त्या वेळी बावीस वर्षांचा बाप्या होता. अमेरिकेत सॅन दिएगोच्या ज्या मेळाव्याला आज लाखाच्या वर माणसे लोटतात, त्याचे पहिले तीन दिवसांचे अधिवेशन १९७० च्या ऑगस्टमध्ये भरले तेव्हा जेमतेम तीनशे लोक जमले होते. म्हणजे थोडकी माणसे असणे यात कमीपणा काही नाही. पण त्या तीनशेंतल्या कोणाला ‘सोबत कोण आहे’ असे विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

सभागृहात आदल्या दिवशीच्या लग्नाची थर्माकोलची कमान तशीच होती आणि तिच्याखाली जपानी तलवारी घेतलेली मुले फोटो काढून घेत होती. बाहेर मे महिन्याचे सोलापुरी ऊन आणि आत विगांखाली निथळणारी डोकी, असा सगळा थाट होता. एक गोष्ट मात्र खुल्या मनाने मान्य करतो. ॲनिमेतली निम्मी पात्रे शाळकरी असतात, त्यामुळे गणवेशातच असतात. आणि सोलापूर हे ठिकठिकाणच्या शाळांचे गणवेश शिवणारे गाव आहे. तेव्हा त्या दिवशी सर्वांत निर्दोष पोशाख कोणते असतील तर ते जपानी शाळांचे गणवेश होते. कॉलर, पट्टी, चुण्या, सारे जिथल्या तिथे. आमच्या शिलाईवाल्यांना तोक्यो काय आणि तुळजापूर काय.

बाकी स्टॉलांवर किल्लीला लावायची रबरी खेळणी, प्लास्टिकचे मग आणि ‘रामेन’ या नावाने दुप्पट दरात विकली जाणारी मॅगी होती. कॉमिक्सप्रेमींच्या या मेळाव्यात विकत घेण्यासाठी कॉमिक एकही नव्हते. अदलाबदलीचे एक टेबल होते, पण तिथे मुले कार्डांची देवघेव करत होती, आणि मी पिशवीची चेन उघडताच एक स्वयंसेवक धावत आला. “काका, पालक तिकडे,” असे म्हणत त्याने मला भिंतीलगतच्या खुर्च्यांकडे नेले. तिथे कूलर होता. तो आमच्याकडे तोंड करून नव्हता.

शेजारच्या खुर्चीत सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ मांडीवर स्टीलचा डबा घेऊन बसले होते. त्यांनी माझ्यासाठी खुर्चीवरची पिशवी उचलली आणि हनुवटीने गर्दीकडे निर्देश केला.

“बसा की ओ. ती निळ्या केसांची आमची नात. तुमचं कुठलं त्यातलं?”

“माझं इथं कुणी नाही,” मी म्हणालो.

“कुणीच नाही?”

“कुणीच नाही.”

ते काही वेळ गप्प राहिले. मग त्यांची नजर माझ्या उजव्या हातातल्या कवटीच्या अंगठीवर गेली आणि त्यांच्या चेहऱ्यावर सगळा उलगडा झाल्याची कळा आली.

“ही कुणी दिली? शनीची म्हणावी तर लोखंडाची दिसत नाही.”

“कुणी दिली नाही. ऑनलाइन मागवली.”

“उपायाच्या वस्तू ऑनलाइन घेत नसतात साहेब,” ते आवाज खाली आणून म्हणाले. “माणसाच्या हातून घ्यावी लागते. आणि दुसऱ्या हातात ही कसली?”

दोन्ही अंगठ्या वेताळाच्या अंगठ्यांसारख्या, डाव्या हातातली चांगुलपणाच्या खुणेची, असे मी समजावले. वेताळाच्या उजव्या हाताचा ठोसा बसला की दुष्टाच्या जबड्यावर कवटी उमटते ती जन्मभर जात नाही, आणि डाव्या हाताची खूण ज्याला मिळते त्याच्या केसालाही कोणी धक्का लावत नाही, हे सारे सांगितले. गृहस्थांनी ते मन लावून ऐकले आणि दोनच शब्दांत निकाल दिला: “उजव्याला साडेसाती, डाव्याला अभय.” मी वेताळावर इतकी वर्षे वाचतो आहे, इतके नेटके कोणी लिहिलेले नाही. परंतु त्याबद्दल दाद देण्याआधीच ते पुढे म्हणाले, “तरीपण अक्कलकोटला एकदा जाऊन या. चाळीस किलोमीटर तर आहे. जोडीनं जा. आमच्या भाचीला अकरा वर्षांनी झालं.”

इथे मला आवाज चढवणे भाग पडले. मला मुलगा आहे, तो घरी आहे, सीएचा अभ्यास करतो आणि त्याला कॉमिक्सचा कंटाळा आहे, अशी संपूर्ण कौटुंबिक माहिती मी एका दमात देऊन टाकली, तेव्हा आजूबाजूच्या दोन-तीन आयांनी मोबाइलमधून माना वर केल्या.

“मग त्याला आवडत नाही तर तुम्ही कशाला आलाव?” गृहस्थांनी विचारले.

हा प्रश्न आपल्याकडे फक्त विशिष्ट माणसांना विचारला जातो. पन्नाशीचा इसम हास्यक्लबात हात वर करून कारणाशिवाय हसतो, त्याला कोणी विचारत नाही. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत आकाशपाळण्यात एकटाच बसून किंचाळणारे कित्येक बाप्ये मी पाहिले आहेत. त्यांना तिकीटवाला सोबतचे लेकरू दाखवायला सांगत नाही. पुण्य मिळणार असेल, साखर उतरणार असेल किंवा चार पैसे सुटणार असतील तर प्रौढ माणसाने काहीही करावे. नुसते आवडते म्हणून करायचे झाल्यास मात्र एखादे मूल हाताशी लागते, आणि ते नसेल तर आयोजक तुम्हाला काल्पनिक मूल बहाल करून वर अर्धे पैसे परत देतात. मला ते पैसे नको होते. ते अजून पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात आहेत, आणि ते खर्चावे की नाही यावरून घरात एकदा बोलाचालीही झाली आहे.

असो. गृहस्थांना मी वेताळाची मूळ कथा सांगितली. १५३६ साली चाच्यांनी जहाज लुटले, एकटा वाचलेला तरुण किनाऱ्याला लागला, बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने अन्यायाशी लढण्याची शपथ घेतली, आणि तेव्हापासून बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, म्हणून लोकांना वाटते की हा एकच माणूस चारशे वर्षे जिवंत आहे. प्रत्यक्षात आताचा एकविसावा.

“एकवीस पिढ्या?” ते म्हणाले. “आणि एकही पोरगा पुण्याला गेला नाही?”

मला हसू आले, पण ते हसत नव्हते. त्यांचे वडील मागावर बसायचे, ते स्वतः अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात रंगखात्यात होते, आणि दोन्ही मुलगे हिंजवडीला आहेत. नात सुट्टीपुरती येते. ती काय झाली आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, फक्त विगाचा निळा बरा आहे, असे त्यांचे मत होते.

रंगखात्याचा विषय निघाल्यावर मात्र संभाषणाची सूत्रे त्यांच्याकडे गेली. माझ्या अंगातला वेताळी जांभळा टी-शर्ट त्यांनी दोन बोटांत धरून पाहिला आणि हीच छटा का, असे विचारले. हा प्रश्न विचारणारी त्या अख्ख्या मेळाव्यातली ती एकमेव व्यक्ती होती, हे नमूद केले पाहिजे. मी खुलून सांगू लागलो. वेताळाचा जनक ली फाल्क याने १९३६ मध्ये वर्तमानपत्रातली चित्रपट्टी सुरू केली तेव्हा ती काळी-पांढरी होती आणि त्याच्या मनातला पोशाख राखाडी होता. पुढे १९३९ मध्ये रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली आणि छपाईच्या टप्प्यावर तो जांभळा होऊन बसला. इटलीत आणि ब्राझीलमध्ये तो लाल छापला गेला, स्वीडन-नॉर्वेकडे निळा.

“म्हणजे रंगखात्यानं साहेबाला विचारलंच नाही,” गृहस्थ समाधानाने म्हणाले. “तसंच होतं बघा. शेड चुकली की आमचा साहेब आधी ओरडायचा, आणि माल खपला की म्हणायचा, हीच आपली डिझाइन.”

यानंतर त्यांनी मला न विचारता पाण्याच्या बाटलीने आपल्या पांढऱ्या रुमालाचे टोक ओले केले, माझा खांदा डाव्या हाताने पक्का धरला आणि टी-शर्टावर ते टोक दहा-बारा वेळा खसाखसा घासले. रुमाल त्यांनी उजेडात धरला. त्यावर जांभळाचा रस सांडल्यासारखा डाग होता.

“डायरेक्ट रंग आहे,” ते बाजूच्या आयांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. “पक्का व्हॅट रंग असता तर सुटला नसता. वेगळा भिजवा, नाहीतर वहिनींच्या साडीला लागेल.”

मी ओल्या खांद्याने बसलो. एवढ्यात व्यासपीठावरून प्रश्नमंजूषा सुरू झाली. सगळे प्रश्न जपानी निन्जा आणि अमेरिकन महानायकांचे होते. आणि अचानक, बहुधा चुकून, निवेदक पोराने विचारले की, कवटीच्या गुहेत राहणारा फँटम हा आपल्या घराण्यातला कितवा. सभागृहात सामसूम झाली. माझा हात आपोआप वर गेला, मी उभाही राहिलो.

“काका, काका, प्लीज,” निवेदक माइकवरून म्हणाला, “पालकांनी उत्तरं सांगायची नाहीत.”

मुले हसली आणि कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. मी खाली बसलो तेव्हा शेजारचे गृहस्थ नातीकडे पाहून आधी दोन बोटे आणि मग एक बोट दाखवत होते. निळे केस हलले, “एकवीस!” असा आवाज आला आणि रबरी खेळण्याचे बक्षीस तिला मिळाले. “कुणीतरी सोबत असलं म्हणजे बरं पडतं,” गृहस्थ डब्याचे झाकण उघडत म्हणाले, आणि त्यांनी मला शेंगाचटणी लावलेला कडक भाकरीचा तुकडा दिला. मी तो घेतला. राग भाकरीवर काढायचा नसतो.

दुपारी चारच्या सुमारास कोणाच्या तरी घरून नळाला पाणी आल्याचा फोन आला, त्याच भागातल्या आणखी चार घरांत फोन गेले आणि बघता बघता पालक कक्ष अर्धा रिकामा झाला. सोलापुरात पाणी रोज येत नाही. ते आल्यावर जपानचे काय, कोणाचेच काही चालत नाही. निन्जा आणि समुराई बादल्या भरायला निघून गेले. गृहस्थही नातीला घेऊन गेले, जाताना अक्कलकोटची पुन्हा आठवण करून.

मी बाहेर पडताना दाराशी पालकांना प्रशस्तिपत्रके देणे चालू होते. ‘आपल्या पाल्याच्या छंदाला प्रोत्साहन दिल्याबद्दल’ असा मजकूर होता, खाली पाल्याच्या नावासाठी रेघ होती आणि एक मुलगा पेन उघडून बसला होता. मला ते नको असल्याचे मी सांगितले, पण सगळ्यांना द्यायचे आहे असे त्याचे म्हणणे पडले, आणि मागे रांग वाढत होती. शेवटी त्याने विचारलेच, “काका, पाल्याचं नाव?”

मी माझे नाव सांगितले, आडनावासकट. त्याने ते सुवाच्य अक्षरांत लिहिले.

“इयत्ता?”

“बाहेरून बसलोय,” मी म्हणालो, आणि त्याने तेही लिहून घेतले.