हरणारा क्लब पाळायचाय? या, बसा

नाशिकमध्ये राहून तुम्ही अजून मँचेस्टर युनायटेडचेच फॅन असाल तर तुमची कीव येते. रविवारी सकाळी कुठल्याही मिसळीच्या रांगेत उभे राहा. पुढच्या दहा पाठींपैकी चारांवर तरी कुणा परदेशी खेळाडूचं नाव दिसेल, आणि चारांपैकी तिघांना ऑफसाइड समजावून सांगता येणार नाही. त्या गर्दीत तुम्हाला कोण विचारतो? म्हणून सांगतो, इंग्लिश फुटबॉलच्या खालच्या लीगमधला एखादा क्लब पाळा. खर्च काही नाही, चेहऱ्यावर जाणकारीचं तेज येतं, आणि वाद घालायला समोर कुणी उरतच नाही.

क्लब निवडताना मात्र घाई नको. रेक्सम तर मुळीच घेऊ नका. हॉलिवूडच्या दोन नटांनी तो २०२१ साली विकत घेतला आणि २०२३, २०२४, २०२५ असा ओळीने तीन वेळा वरच्या लीगमध्ये चढवला. जिंकणाराच पाळायचा तर मँचेस्टरने काय घोडं मारलं होतं? ब्लॅकबर्नही नको, तो पुणेकरांचा आहे. थट्टा नाही करत. कोंबडीवाल्या वेंकीजनी २०१० साली तो घेतला. १९९५ साली प्रीमियर लीग, म्हणजे तिथली सर्वांत वरची पायरी, जिंकलेला हा क्लब २०१२ ला खाली आला आणि २०१७ ला थेट तिसऱ्या पायरीवर गेला. २०१२ मध्ये तर प्रेक्षकांनी क्लबचा झेंडा पांघरलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती. आपण नाशिककर, पुण्याबद्दल काही बोलत नसतो. फक्त साल सांगतो.

तुम्ही घ्या ब्लॅकबर्नच्या शेजारगावचा ॲक्रिंग्टन स्टॅनली.

नाव घेतलं की समोरचा ‘कोण?’ म्हणणार. घाबरू नका, तोच तर या क्लबचा खरा ठेवा. १९८९ साली इंग्लंडात दुधाची एक जाहिरात लागायची. एक पोरगा दुसऱ्याला सांगतो, लिव्हरपूलचा इयान रश म्हणालाय की भरपूर दूध प्यायलो नाही तर मी मोठा होऊन जेमतेम ॲक्रिंग्टन स्टॅनलीत खेळण्याच्या लायकीचा होईन. दुसरा विचारतो, “ॲक्रिंग्टन स्टॅनली? ते कोण?” पहिला म्हणतो, “तेच तर!” असा जाहीर पाणउतारा झालेला क्लब दुसरा दाखवा. आपल्याकडे निदान दुधात तरी पाणी घालतात.

आता इतिहास पाठ करा, कारण मॅचपेक्षा तोच जास्त वेळा कामी येतो. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांत ‘ॲक्रिंग्टन’ होता, पण तो हा नव्हे. तो वारला. आपला १८९१ चा. १९२१ ला तो लीगमध्ये आला. १९५५ आणि १९५८ ला तिसऱ्या डिव्हिजनच्या उत्तर विभागात दुसरा नंबर काढला, आणि वर जायचा फक्त पहिला. हे वाक्य म्हणताना आवाज जरा खाली आणायचा. आमच्या बिल्डिंगमधले एक काका मुलाचे सीईटीचे मार्क सांगताना आणतात, तसा.

पण खरी गोडी पुढे आहे. १९५८ साली कमिटीला स्वस्ताईचा झटका आला. ऑल्डरशॉटला लष्करी कवायती बघण्यासाठी बांधलेला एक जुना स्टँड १,४५० पौंडांत मिळत होता, तो यांनी उचलला. तो सोडवून, वाहून आणून पुन्हा उभा करायला त्याच्या कित्येक पट पैसे गेले. ज्याने सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘ओळखीत सेकंडहँड जनरेटर आहे’ हे वाक्य ऐकलंय त्याला पुढचं सांगावं लागत नाही. कर्ज चढलं. १९६० ला क्लब चौथ्या डिव्हिजनमध्ये घसरला आणि मार्च १९६२ मध्ये सीझन अर्ध्यावर असताना कमिटीने लीगला राजीनामा लिहिला.

इथे जरा थांबा. राजीनामा या विषयातला आपला अनुभव दांडगा आहे. आपल्याकडचे राजीनामे खिशातच असतात. वर्षानुवर्षं असतात, धोब्याकडे जाऊन येतात, पण बाहेर पडत नाहीत. या भल्या माणसांनी तो खरोखर पाठवला! मग थोडे पैसे उभे राहतील असं वाटून म्हणाले, परत द्या. लीग म्हणाली, मिळणार नाही. सहकारात एक टर्म जरी काढली असती तरी ही वेळ आली नसती.

त्यांची जागा मिळाली ऑक्सफर्ड युनायटेडला. स्टॅनली काही वर्षांत बंदच पडला. गावकऱ्यांनी १९६८ ला तो पुन्हा उभा केला आणि खालच्या खालच्या लीगा चढत २००६ साली तो फुटबॉल लीगमध्ये परतला. त्याच सीझनला लीगमधून बाहेर कोण पडलं? ऑक्सफर्ड युनायटेड! ४४ वर्षं लागली. आपला सिंहस्थसुद्धा बारा वर्षांनी येतो आणि तरी रस्ते वेळेत होत नाहीत. पुढे २०१८ ला लीग टू, म्हणजे चौथी पायरी, जिंकून क्लब तिसऱ्या पायरीवर गेला, २०२३ ला परत खाली आला. मैदान जेमतेम साडेपाच हजार माणसांचं. संपला इतिहास. मिसळ येईपर्यंत बरोबर पुरतो.

घरातून एक आक्षेप येऊ शकतो, त्याची तयारी ठेवा. ॲक्रिंग्टन हे लँकेशायरमधलं गाव सूतगिरण्यांचं. भगूरच्या सावरकरांनी १९०५ ला पुण्यात विलायती कापडाची होळी केली, ते विलायती कापड मुख्यतः याच लँकेशायरचं. येवल्याच्या विणकराच्या पणतूने त्या लोकांच्या चौथ्या डिव्हिजनसाठी जीव टाकावा का, असं कुणी विचारलं तर ‘खेळात राजकारण नको’ म्हणा आणि पोळी वाढायला सांगा.

वेळ मात्र सोयीची आहे. शनिवारची तीनची मॅच म्हणजे हिवाळ्यात आपली रात्रीची साडेआठ. मॅच बघायची नसतेच. फक्त मोबाईलवर स्कोअर बघायचा, सुस्कारा सोडायचा, मोबाईल उलटा ठेवायचा. बायकोला वाटतं शेअर पडले.

आता सर्वांत महत्त्वाचं पथ्य. निष्ठा नेहमी सात हजार किलोमीटर लांबच ठेवा. जवळचा क्लब फार महागात पडतो. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००६ साली देशाचा विजेता होता, २०१० ला कंपनीने बंद केला. पुण्याचा भारत एफसी आय-लीग या देशपातळीवरच्या लीगचा एकच सीझन खेळला. एफसी पुणे सिटी २०१९ ला संपला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. कोल्हापुरात तर जाऊच नका. तिथे पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार तालीम अशी फुटबॉलची मॅच असली की शाहू स्टेडियम भरतं, माणसं स्वतःच्या पेठेसाठी घसा बसेपर्यंत ओरडतात. असल्या लोकांत आपल्या इतिहासाला कोण विचारणार?

हे पथ्य गेल्या डिसेंबरात माझ्याकडून मोडलं. शनिवारी संध्याकाळी भाजी घेऊन परतताना एका मैदानाच्या कडेला थांबलो, नाव सांगत नाही. आदल्या आठवड्यात तिथलं प्रदर्शन उठलं होतं आणि मांडवाच्या बल्ल्यांचे खड्डे तसेच होते. पोरं सराईतपणे खड्डे चुकवत खेळत होती. एकाच्या एका पायात बूट, दुसऱ्या पायात फक्त मोजा. दुसरा बूट गोलकीपरच्या पायात. साठीचे एक सर हातात घमेलं घेऊन फक्कीची रेघ ओढत होते. रेघ खड्ड्यापाशी आली की वळसा घेऊन पुढे जायची.

मला बघून ते म्हणाले, “या ना साहेब. मेंबर व्हा. वर्षाचे पाचशे, पावती देतो.”

मी म्हणालो, “माझा क्लब आहे ऑलरेडी. ॲक्रिंग्टन स्टॅनली.”

“हो का?” ते खरंच विचारात पडले. “कुठल्या तालुक्यात आलं हे?”

दुधाच्या जाहिरातीपासून सुरुवात करावी की १८८८ पासून, हे मी ठरवतोय तोवर तिकडे एक पोरगा खड्ड्यात पाय अडकून पडला. सरांनी “हे धरा जरा” म्हणत घमेलं माझ्या हातात कोंबलं आणि धावले. बराच वेळ आलेच नाहीत. साडेआठ वाजून गेले होते, खिशात मोबाईल थरथरत होता, आणि माझे दोन्ही हात कोपरापर्यंत फक्कीने पांढरे झाले होते.