पाडव्याच्या सकाळी न गेलेल्या पोस्टबद्दल

नमस्कार ताई,

तुमच्या दुकानाच्या फेसबुक-इन्स्टाग्रामवर आम्ही टाकायची गुढीपाडव्याची सकाळी सातची पोस्ट गेलीच नाही, फोन केला तर 'गेली आहे' असं सांगितलं, आणि दुपारी न विचारता शिळी पोस्ट टाकली, असं तुम्ही लिहिलंय. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मनापासून माफी मागतो.

पाडव्याच्या चार दिवस आधी तुम्ही फेसबुकचा पासवर्ड बदललात. तो बदलला की आमच्या शेड्युलिंगच्या, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप पोस्ट टाकणाऱ्या, सॉफ्टवेअरला दिलेली परवानगी रद्द होते. एरवीही ती साधारण 60 दिवसांनी नव्याने घ्यावी लागते. इन्स्टाग्रामही त्याच लॉगिनने जोडलेलं, म्हणून पोस्ट दोन्हीकडे अडकली. पासवर्ड बदलण्यात तुमची काहीच चूक नाही. जोडणी तपासणं आमचं काम होतं. 'पोस्ट गेली नाही' अशी मेल सात वाजून दोन मिनिटांनी आली होती. ती ज्या इनबॉक्समध्ये आली, तो सुट्टी म्हणून कोणी उघडलाच नाही.

फोन घेतलेल्या मुलीला कॅलेंडरमध्ये पोस्ट दिसली, म्हणून तिने 'गेली' म्हणून सांगितलं. तुमचं पेज उघडून बघायला हवं होतं, पण तसं मी तिला कधी शिकवलंच नव्हतं.

सगळ्यात जास्त मला दुपारची चूक लागली आहे. 'सकाळी 11 पर्यंत 15 टक्के सवलत' असा मजकूर असलेली पोस्ट आम्ही 12 नंतर तशीच पुन्हा पाठवली. गिऱ्हाइकं काउंटरवर तुमच्याशी वाद घालू लागली आणि तुम्ही पदरमोड करून सवलत दिलीत. ती रक्कम आणि त्या महिन्याची आमची फी, दोन्ही परत करतो. ठाण्यातल्या कोपिनेश्वर मंदिराच्या स्वागतयात्रेला नटूनथटून आलेल्या बायका नौपाड्यात खरेदीला वळतात, ती सकाळ मात्र मला परत देता येणार नाही.

आता पोस्टच्या वेळेनंतर दहा मिनिटांत आमचा एक माणूस स्वतःच्या फोनवर ते पेज उघडून बघतो आणि ग्राहकाला लिंक पाठवतो. सणाच्या आदल्या संध्याकाळी जोडणी तपासतो, आणि फोटो व मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर देऊन ठेवतो, म्हणजे अडलंच तर हाताने टाकता येईल. अडकलेली पोस्ट मजकूर पुन्हा वाचल्याशिवाय आणि तुम्हाला विचारल्याशिवाय टाकायची नाही.

शेड्युलिंगच बंद करा, असं तुम्ही सुचवलंत. ते मला पटत नाही. पहाटेची पोस्ट एका माणसाच्या जागं होण्यावर सोडली, तर चुका वाढतील. यंत्राने पाठवावी आणि माणसाने बघावी.

अक्षय्य तृतीयेच्या पोस्ट तयार आहेत. काम दुसरीकडे दिलंत तरी त्या तुमच्याच आहेत. मूळ फाइल आज संध्याकाळी दुकानात आणून देतो.