पाण्याचे नखरे

'पाणी हे वैश्विक द्रावक आहे' असं एक वाक्य शाळेच्या पुस्तकात होतं. रिकाम्या जागा भरा, एक मार्क, हमखास. ते वाक्य ज्यांनी कुणी लिहिलं त्यांनी आयुष्यात फोडणीची कढई घासलेली नव्हती, असं माझं ठाम मत आहे. आणि मुळात पाण्यात सगळंच विरघळत असतं तर ते ठेवलं कशात असतं? माठ गेला असता, हंडा गेला असता, शेवटी आमची सोसायटीची टाकीही गेली असती.

झालं असं, की आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं आणि भांडीवाल्या मावशी गावच्या जत्रेला गेलेल्या होत्या. या दोन्ही गोष्टी पंचांगात आधीपासून छापलेल्या असतात. तरीही त्या एकाच आठवड्यात आल्या की घरात दरवर्षी नव्याने आश्चर्य व्यक्त होतं. आईने डाळ वाटली, बायकोने पन्हं केलं, गौर झोपाळ्यात बसवली, आरास केली. आणि 'तुम्ही काहीच करत नाही' या वाक्याचा परिणाम म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळचं सिंक माझ्या वाट्याला आलं.

सिंक म्हणजे नुसता डोंगर होता. वर पन्ह्याचे पेले. त्याखाली आंब्याच्या डाळीच्या वाट्या. मग फोडणीची कढई, दुधाचं पातेलं, कुकरचा डबा आणि अगदी तळाशी, सगळ्यांचं पाणी अंगावर घेत पडलेला, पांढरा प्लास्टिकचा एक डबा. पांढरा म्हणजे मुळात पांढरा. सध्या पिवळा.

पेल्यांनी माझ्या मनात खोटा आत्मविश्वास निर्माण केला. तळाशी वाळलेलं चिकट पन्हं नळाखाली धरताच निघून गेलं. साखरेच्या बाबतीत पाणी अक्षरशः हावरट आहे. शंभर ग्रॅम पाणी साध्या तापमानाला दोनशे ग्रॅम साखर पोटात घेतं, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दुप्पट. याचं कारण पाण्याच्या रेणूची ठेवण. दोन हायड्रोजन ऑक्सिजनला सरळ रेषेत चिकटलेले नसतात, साडेएकशेचार अंशांचा कोन करून वाकडे बसलेले असतात. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतो, त्यामुळे रेणूची एक बाजू किंचित ऋण आणि दुसरी किंचित धन होते. साखरेच्या रेणूवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या आठ जोड्या असतात, त्यांचंही हेच. मग दोघांचं जमतं. मिठाचं त्याहून सोपं, ते तर सोडियम आणि क्लोराइडच्या विद्युतभारित आयनांचंच बनलेलं. पाणी एकेका आयनाला घेरून ओढून नेतं. पण मिठाला मर्यादा आहे, शंभर ग्रॅम पाण्यात छत्तीस ग्रॅमच्या आसपास, आणि पाणी उकळलं तरी त्यात दोन-चार ग्रॅमच काय ती भर. साखर तापल्या पाण्यात वाहवत जाते, मीठ तत्त्वाचं पक्कं.

हे सगळं मी पेले उपडे घालताना मनात म्हणत होतो. मग वाट्या हातात आल्या.

इथे एक अन्याय सांगितलाच पाहिजे. पन्ह्यात केशर होतं. डब्बीतून मोजून काढलेल्या काड्या, आईच्या देखरेखीखाली. डाळीत हळद होती, ती चमच्याने. दोन्ही पिवळी. केशराच्या रंगाचं नाव क्रोसिन. त्याच्या रेणूच्या दोन्ही टोकांना साखरेचे तुकडे जोडलेले असतात, म्हणून तो पाण्यात सुखाने विरघळतो. हळदीतल्या कर्क्युमिनला असलं काही नसतं, त्यामुळे ते पाण्याला जवळजवळ ओळखच देत नाही. तेलात मात्र लगेच रंगतं, म्हणून तर फोडणीत हळद तेलातच टाकतात. सोन्याच्या भावाचं केशर एका धारेत गटारात गेलं आणि दहा रुपयांच्या पुडीतली हळद वाटीला, घासणीला, माझ्या नखांना आणि बायकोने 'हा तरी खराब करू नका' म्हणून दिलेल्या नॅपकिनला कायमची चिकटली.

कढईपाशी तर पाण्याने चक्क हात वर केले. नळ सोडला, पाण्याचे मणी होऊन तेलावरून घरंगळले, आणि कढई होती तशीच. तेल आणि पाणी यांचं वैर असतं असं आपण म्हणतो. वैर नसतं. ते कसं असतं हे मला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं, फोनचा चार्जर आणायला मी भर हळदीकुंकवात हॉलमध्ये गेलो तेव्हा. मला कुणी हाकललं नाही. कुणी 'तुम्ही इथे कसे?' असंही विचारलं नाही. हॉलभर बायका एकमेकींच्या बोलण्यात अशा गुंतलेल्या होत्या, की मी जिथे उभा राहीन तिथे कुणाचं तरी संभाषण तुटत होतं आणि त्या माझ्याभोवतीने अंग चोरून, मान वाकडी करून एकमेकींशी बोलत होत्या. मी आपोआप सरकत सरकत गॅलरीत पोचलो. तिथे अशाच सरकत आलेल्या नवऱ्यांचा गोळा आधीच जमलेला होता. तेलाचं नेमकं हेच होतं. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. तेलाचा रेणू मध्ये आला की त्यांना त्याच्याभोवती अवघडून मांडणी करावी लागते. सगळं तेल एकाच कोपऱ्यात ढकललं की अवघडणाऱ्यांची संख्या कमी होते. गॅलरीतल्या आम्हा नवऱ्यांनाही एकमेकांविषयी फार ओढ होती असं नाही.

साबणाचं काम त्या संध्याकाळी आमच्या मजल्यावरची एक चिमुरडी करत होती. तिला हॉलमध्येही मुभा, गॅलरीतही. ती आतून डाळीच्या वाट्या आणून देत होती आणि आमचे निरोप आत नेत होती. साबणाच्या रेणूला एक विद्युतभारित डोकं असतं, ते पाण्यात रमतं, आणि कार्बनची लांब शेपटी असते, ती तेलात घुसते. असे पुष्कळ रेणू एका तेलाच्या थेंबाभोवती शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून जमतात, मग त्या थेंबाला पाणी बिनतक्रार वाहून नेतं. तेल विरघळत नाही. त्याला नुसतं झाकून बाहेर काढतात.

एवढं कळल्यावर कढई निघायला हवी होती. पण आमच्याकडे बोअरचं पाणी येतं. दख्खनच्या काळ्या बेसाल्टच्या भेगांतून झिरपत येताना ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरभरून घेऊन येतं. खऱ्या साबणाला कॅल्शियम भेटलं, की तो फेस करायचं विसरतो आणि स्वतःच न विरघळणारा चिकट साका होऊन बसतो. बेसिनला जी करडी किनार धरते ती हीच. भांड्याच्या वडीला आपण साबण म्हणतो, पण ती असते डिटर्जंटची. डिटर्जंट कॅल्शियमला इतका बधत नाही, म्हणून निदान भांडी तरी घासली जातात. धुऊन उपडे घातलेले पेले मात्र वाळल्यावर पांढऱ्या ठिपक्यांनी भरले. तो खडू. फळ्यावरचा नव्हे, पण कॅल्शियम कार्बोनेटच. लिटरभर शुद्ध पाण्यात तो जेमतेम दहा-पंधरा मिलिग्रॅम विरघळतो. जमिनीत मुरणाऱ्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड त्याचं बायकार्बोनेट करून त्याला पाण्यात लपवून आणतो. पाणी तापलं किंवा वाळलं की वायू उडून जातो आणि खडू उघडा पडतो. गीझरमध्ये, किटलीत, गाळणीवर, सगळीकडे. गरम केलं की सगळं लवकर विरघळतं, ही समजूत खडूला लागू नाही, त्याचं गरम पाण्यात उलट कमीच जमतं. पन्ह्याच्या पेल्यांना शेवटी लिंबाची सालं चोळली.

"दुधाच्या पातेल्यात आधी गार पाणी घाल रे," हॉलमधून आईचा आवाज. ती तिथून टीव्ही बघत होती आणि उंटावरून शेळ्या हाकत होती.

"गारच का?"

"गरम घातलंस तर साय धरून बसते. आणि भाताचा डबा नुसता भिजत ठेव, खरवडू नकोस."

तिने रसायनशास्त्र शिकलेलं नाही. पण दुधातली प्रथिनं उष्णतेने आणखी घट्ट बसतात आणि भाताचा स्टार्च विरघळत नाही, नुसता पाणी पिऊन फुगतो, मग सुटतो, हे तिला ठाऊक होतं. तिच्या लहानपणी राख आणि नारळाच्या शेंडीने भांडी घासत. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, त्याचं तुपाच्या-तेलाच्या थराशी जरासं साबणीकरण होतं. म्हणजे भांडं घासता घासता भांड्यातच थोडा साबण तयार.

जगात या विषयावर सिंकसमोर उभं राहून खरा अभ्यास एका बाईनेच केला आहे. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावची आग्नेस पोकेल्स, जन्म 1862. भौतिकशास्त्राची आवड, पण मुलींना विद्यापीठ बंद. घरी आजारी आईवडील आणि रोजची भांडी. तेल आणि साबण पडल्यावर पाण्याचा पृष्ठभाग कसा बदलतो हे ती भांडी धुताना बघत राहिली. मग तिने पत्र्याची एक पसरट पेटी घेतली, तीत पाणी भरलं, आणि पृष्ठभागावर टेकवलेलं एक बटण उचलायला किती जोर लागतो ते मोजायला सुरुवात केली. 1891 च्या जानेवारीत तिने हे सगळं लॉर्ड रॅले या इंग्लंडमधल्या मोठ्या शास्त्रज्ञाला पत्राने कळवलं. पत्र जर्मनमध्ये. त्यांच्या पत्नीने ते इंग्रजीत उतरवलं आणि त्यांनी ते 'नेचर' या विज्ञानपत्रिकेकडे धाडलं, त्याच वर्षी मार्चमध्ये छापूनही आलं. पुढे तिच्याच पेटीची सुधारून केलेली आवृत्ती वापरणारे अर्व्हिंग लँगम्यूर यांना पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठी 1932 सालचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी आग्नेसबाईंना त्यांच्या गावच्या तंत्रविद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. त्या तेव्हा सत्तरीच्या होत्या. मधल्या काळात भांडी कुणी घासली असतील ते सांगायला नको.

मी हा इतिहास बायकोला उत्साहाने ऐकवला. ती म्हणाली, "अहो, तिने भांडीही घासली होती ना?"

राहता राहिला तो डबा.

प्लास्टिकचे डबे बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे असतात. म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच्या लांबच लांब साखळ्या, तेलाचेच नातेवाईक. समानशीलव्यसनेषु सख्यम्. स्टीलवर तेल पाहुण्यासारखं येतं, प्लास्टिकमध्ये ते कायमचं राहायला येतं आणि येताना हळदीला बरोबर आणतं. मी घासणीवर वडी घेऊन जोर लावला, तर पिवळा डबा माझ्या डोळ्यांदेखत तांबडा झाला. मी आईला हाक मारली.

"त्यात काय एवढं," ती आतूनच म्हणाली. "हळदीला चुना लावला की कुंकूच होतं."

वडीतला सोडा तोच उद्योग करत होता, कर्क्युमिनला अल्कली भेटली की ते लाल होतं. साध्या पाण्याने खळबळल्यावर डबा पुन्हा पिवळा. मी वडी लावत होतो, तांबडा. धूत होतो, पिवळा. काही वेळ मी हे निव्वळ करमणूक म्हणून केलं.

मग विचार केला, पाणी जर याला हात लावत नसेल तर तेलाचा डाग तेलानेच काढावा. चमचाभर गोडेतेल डब्यात घालून कागदाने चोळलं. कागद पिवळा झाला. ते तेल वडीने काढलं, पुन्हा तेल, पुन्हा वडी. वर वर होतं तेवढं निघालं. आत मुरलेलं उरलं. त्यावर औषध ऊन. कर्क्युमिन उजेडात टिकत नाही, त्याचा रेणूच मोडतो. गॅलरीच्या कठड्यावर चैत्राच्या उन्हात डबा तोंड वर करून ठेवला आणि दुपारभर ऊन सरकेल तसा सरकवत राहिलो. बायको म्हणाली, घरच्या कुरडयांकडे तुम्ही इतकं लक्ष कधी दिलं नव्हतं. संध्याकाळी डबा पांढरा. म्हणजे फिकट हस्तिदंती म्हणू, पण आमच्याकडे पांढरा.

मी तो आईच्या हातात दिला. तिने तो फिरवून बघितला, झाकण लावून बघितलं, तळ बघितला.

"हा आपला नाहीच."

"म्हणजे?"

"समोरच्या काकूंचा. त्यांनी भरली वांगी पाठवली होती ना यातून."

"बरं, मग देऊन येतो."

"रिकामा?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू त्यांना डब्यासकट घराबाहेर काढायला निघालो होतो. "रिकामा डबा परत देतात का कधी कुणाला?"

तिने ओट्याखालून बरणी काढली. यंदाचं कैरीचं लोणचं, नुकतंच मुरायला लागलेलं. चार मोठे डाव डब्यात घातले, चमच्याने दाबून बसवलं आणि मग बरणीतलं पिवळंधमक तेल अगदी काठापर्यंत ओतलं.

"आई, तेल जरा कमी..."

"तेल वर हवंच," ती म्हणाली. "पाणी आत गेलं तर बुरशी येते."