ताटलीने वळण येतं, पण कोपऱ्याचं काय? वळणदार बॉर्डरवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुम्ही नुसतं वाचून नाही तर करून बघून लिहिलंत, त्यामुळे खाली दोन ओळी टाकून मोकळं होणं बरं दिसेना, म्हणून हे वेगळं लिहितेय.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात. क्विल्टच्या (कापडाचे तुकडे जोडून, थर टाचून केलेल्या गोधडीच्या) वळणदार बॉर्डरला सॉफ्टवेअर म्हणजे उगाचचा घाट आहे, ताटली पालथी ठेवून पेन्सिल फिरवली की कमानी तयार. मी आधीच्या लेखात दिलेल्या मापाचं टेम्प्लेट (कापड कापायचा कागदी साचा) छापून कापलं तर ६० इंचाच्या बाजूला बॉर्डर दीड-पावणेदोन इंचाने तोकडी पडली, म्हणजे मापंच चुकीची. वर वळणाच्या शिलाईला चुण्या आल्या. आणि सगळं आधीच स्क्रीनवर ठरवायचं तर हातकाम उरलं कुठे.

ताटलीचं आधी बोलू. ताटलीने वळण येतं हे मला मान्यच आहे, आणि छान येतं, त्यासाठी कोणी कॉम्प्युटर लावू नये. पण ताटलीचा आकार ताटलीने ठरवलेला असतो, तुमच्या क्विल्टने नाही. तुमच्या क्विल्टचा बॉर्डरच्या आतला मधला भाग ६० बाय ७२ इंच, माझ्या उदाहरणातही तोच होता. दोन्ही बाजूंना बरोबर भाग जाणारा सोयीचा आकडा १२, म्हणजे आखूड बाजूला ५ कमानी, लांब बाजूला ६. आता १२ इंच रुंदीची आणि २ इंच उंचीची कमान हवी असेल तर त्रिज्या किती लागते बघा: रुंदीच्या निम्म्याचा वर्ग ३६, उंचीचा वर्ग ४, बेरीज ४०, त्याला उंचीच्या दुपटीने म्हणजे ४ ने भागलं की १०. त्रिज्या १० म्हणजे २० इंच व्यासाची ताटली! उंची ३ केली तर त्रिज्या साडेसात, तरी १५ इंचाची ताटली लागतेच. घरात असते ती साधारण १० इंची, तिच्यावर १२ इंच रुंद कमान बसणारच नाही, मग आपण काय करतो तर ताटलीला परवडेल तेवढी छोटी कमान घेतो आणि शेवटी उरलेले चार-पाच इंच "थोडं ॲडजस्ट" करतो. हे ॲडजस्ट केलेलं, क्विल्ट पसरला की, दारातूनच दिसतं.

पण खरं कारण वेगळंच आहे. मी सॉफ्टवेअर उघडते ते कोपऱ्यासाठी.

कमानी सरळ बाजूवर कशाही बसवता येतात हो. दोन बाजू भेटतात तिथे काय होतं ते कागदावर काढून बघा. बॉर्डर ६ इंच रुंद धरा. कमानींची टोकं, म्हणजे दोन कमानी भेटतात ती आत घुसलेली चोच, आतल्या कडेपासून २ इंचावर, आणि कमानीचा माथा ४ इंचावर. आता बहुतेक जण पहिली कमान बाजूच्या सुरुवातीपासून पूर्ण काढतात, त्यामुळे चोच बरोब्बर कोपऱ्याच्या चौकोनाच्या शिवणीवर येते, दोन्हीकडून. त्या दोन चोचींमधलं अंतर पावणेतीन इंचाच्या जरा वर. मग बाकी सगळीकडे १२ इंचाच्या ऐसपैस कमानी आणि कोपऱ्यात मात्र एक बारीकसा बुडबुडा, आणि तो कितीही फुगवला तरी उपराच दिसतो.

उपाय काय तर सगळी रांग अर्ध्या कमानीने सरकवायची. ६० इंचात ५ पूर्ण कमानींऐवजी दोन टोकांना अर्धी-अर्धी आणि मध्ये ४ पूर्ण. हिशोब तोच, पण आता शिवणीवर चोच येत नाही, माथा येतो, आणि माथ्याशी वळण बॉर्डरला समांतर असतं. म्हणून कोपऱ्याच्या ६ बाय ६ च्या चौकोनात आतला कोपरा केंद्र धरून ४ इंच त्रिज्येचं पाव वर्तुळ काढलं की दोन्ही बाजूंचे माथे एकमेकांना मिळतात, कुठे टोक नाही, मोडल्यासारखं दिसत नाही. कोपऱ्यावरून एकच मोठी कमान वळसा घालून जाते. लांब बाजूलाही तसंच, ५ पूर्ण आणि दोन अर्ध्या.

हे हातानेही करता येतं का? येतं की! कंपास, मोठा कागद, धीर. पण समजा बघितल्यावर वाटलं की माथा साडेचारवर हवा होता, तर हाताने सगळं खोडून पुन्हा, आणि सॉफ्टवेअरमध्ये एक आकडा बदलायचा. मी त्या लेखात सॉफ्टवेअरची बाजू घेतली ती एवढ्याचसाठी, वळण सुंदर येतं म्हणून नाही.

लहर असेल तर अजून गंमत आहे, आणि हे तुम्ही विचारलं नसलं तरी सांगते कारण तुमच्या "शेवटची लहर डोळ्याने जुळवून घेते" या वाक्यावर मी अडकले. चोच नसलेली, आत-बाहेर जाणारी लहर घ्या. एक फुगवटा म्हणजे अर्धी लहर असं मोजू. एका बाजूला फुगवट्यांची संख्या विषम असेल तर दोन्ही टोकं सारखी येतात, सम असेल तर एका टोकाला लहर बाहेर फुगलेली आणि दुसऱ्या टोकाला आत. आता १२ इंचाचा फुगवटा धरला की ६० ला ५ आणि ७२ ला ६, एक बाजू विषम एक सम, म्हणजे चारही कोपरे सारखे येणं शक्यच नाही, डोळ्याने कितीही जुळवा. मग एक तर ६ इंचाचा फुगवटा घ्या, १० आणि १२, दोन्ही सम, लहर क्विल्टभोवती एकाच दिशेने फिरत राहते आणि चारही कोपरे एकसारखे. नाहीतर ९ आणि ११ घ्या, दोन्ही विषम, फुगवटा एकीकडे ६.६७ इंच आणि दुसरीकडे ६.५५, फरक जेमतेम एक अष्टमांश इंच, तो कुणाच्या बापाला कळत नाही. मला स्वतःला दुसरा जास्त आवडतो कारण प्रत्येक बाजूच्या मध्यावर एक फुगवटा येतो आणि क्विल्ट समोरून बघताना शांत वाटतो.

काढायचं कसं ते लेखात आहेच, तरी जिथे बरेच जण अडकतात तेवढं पुन्हा. २०१७ ला आलेलं इलेक्ट्रिक क्विल्ट ८ हे क्विल्टचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर मी वापरते. त्यात पूर्ण बॉर्डर एकदम काढायला जाऊ नका, १२ बाय ६ चा एकच ब्लॉक (पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) काढा आणि तो बॉर्डरमध्ये ओळीने बसवा, टोकांना ६ बाय ६ चा अर्ध्या कमानीचा, कोपऱ्याला पाव वर्तुळाचा. त्यातल्या ईझीड्रॉ या ब्लॉक काढायच्या भागात स्नॅप (रेघ जिथे चिकटते त्या बिंदूंची जाळी) ४८ बाय २४ ठेवा म्हणजे दर पाव इंचाला बिंदू मिळतो आणि तुमची रेघ २ इंचावर सांगितली की २ इंचावरच जाते. वळणाची टोकं ब्लॉकच्या कडेला चिकटलेलीच हवीत, केसभर जरी लांब राहिली तरी सॉफ्टवेअर तो वेगळा तुकडा धरत नाही आणि मग "रंगच भरत नाहीये" म्हणून आपण डोकं धरून बसतो. ॲप्लिकेने (आकार कापून दुसऱ्या कापडावर ठेवून शिवणं) करणार असाल तर त्यातलाच पॅचड्रॉ हा भाग, तिथे आकार बंद हवा. आणि विकत घ्यायचंच नसेल तर इंकस्केप फुकट आहे, त्यात क्विल्टचं असं काही नाही पण वळण काढायला उत्तम, फक्त दोन वळणं जुळतात त्या बिंदूचे दोन्ही हात (हँडल) एका सरळ रेषेत ठेवायचे, नाहीतर माथ्यावर बारीक टोक येतं, स्क्रीनवर कळत नाही, कापडावर कळतं.

एक गोष्ट सॉफ्टवेअरला कळत नाही, ती म्हणजे तुमचा मधला भाग शिवून झाल्यावर खरा किती भरला. कागदावर ६० आणि टेपवर पावणेसाठ हे नेहमीचंच. मध्यावरून मोजा, कडेवरून नाही, कडा ताणलेल्या असतात. पावणेसाठ आलं तर ५ ने भागून ११.९५ चा ब्लॉक करा, बॉर्डर ओढूनताणून बसवू नका.

आता तोकडी पडलेली बॉर्डर. ताई, तुम्ही लिहिलंय की प्रत्येक कमान "पाव इंचाहून थोडी जास्तच" कमी भरतेय आणि सगळ्या सारख्याच कमी भरतायत. हा आकडा वाचून मला लगेच प्रिंटरचा संशय आला. फाइल लेटर कागदाची असते, साडेआठ बाय ११ इंच, आणि प्रिंटरमध्ये आपण घालतो ए४, जो २१० मिलिमीटर म्हणजे सव्वाआठच्या आसपास रुंद. प्रिंट करताना "पानावर बसवा" चालू राहिलं की मशीन सगळं ९७ टक्क्यांवर आणतं. १२ चे ११.६७ होतात, म्हणजे प्रत्येक कमानीला एक तृतीयांश इंच गेला, पाच कमानींना दीड इंचाच्या वर, आणि शिलाईची माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) पण बारीक झालेली असते पण तुम्ही शिवता मात्र नेहमीच्या पाव इंचावर, त्यामुळे अजून थोडं. तुमचा दीड-पावणेदोन इंच तिथेच गेला. स्केल १०० टक्के किंवा ॲक्च्युअल साइज ठेवा, आणि ब्लॉकच्या शेजारी एक इंचाचा चौकोन काढून ठेवा, छापल्यावर आधी तो पट्टीने मोजा, मगच कात्री हातात घ्या. १२ इंचाचा तुकडा ए४ वर मावत नाही, दोन पानांवर येतो, ती चिकटवताना पण दोनदा मोजलेलं बरं.

चुण्या. हा खरा शिवणकामाचा प्रश्न आहे आणि यात सॉफ्टवेअर फक्त अर्धी मदत करतं. होतं असं की फुगीर तुकड्याची कापलेली कड शिवणीच्या पाव इंच बाहेर असते आणि खोलगट तुकड्याची पाव इंच आत, त्यामुळे दोन कडांची लांबी वेगळी येते. वर सांगितलेल्या २ इंच उंचीच्या कमानीला हा फरक ०.६४ इंच, उंची ३ केली तर ०.९३, म्हणजे जवळजवळ एक इंच! आपण कडेला कड लावत गेलो की शेवटी एवढं कापड उरतं आणि ते कुठेतरी चुणी होऊन बसतं. पण शिवणीची रेघ दोन्ही तुकड्यांवर सारखीच लांब आहे, म्हणून कड नाही, रेघ जुळवायची. टेम्प्लेटवर माथ्याला एक, आणि दोन्ही बाजूंच्या मध्यावर एकेक अशा खुणा सॉफ्टवेअरमध्येच काढून घ्या, दोन्ही तुकड्यांवर, त्या खुणांना टाचण्या, खोलगट तुकडा वर ठेवून शिवायचं, आणि त्याच्या कडेला बारीक खाचा मारायच्या, शिवणीच्या अलीकडे थांबून. दुसरं म्हणजे वळण जिथे धाग्याला तिरपं जातं तिथे कड उरेब होते आणि ताणते, म्हणून टेम्प्लेटवर धाग्याचा बाण हवाच, बॉर्डरची सरळ कड उभ्या धाग्यावर. कापायच्या आधी कापडाला चांगला स्टार्च. आणि इस्त्री दाबायची, सरकवायची नाही.

एवढं करूनही मशीनवर वळण जमत नसेल तर बिनधास्त ॲप्लिके करा, कमानीची कड दुमडून बाहेरच्या पट्टीवर ठेवा आणि हातटाक्याने शिवा, दिसायला काही फरक नाही. मी तर चोच असलेल्या कमानी एका लांब पट्टीत कापल्या असतील तर मशीनवर जोडतच नाही, चोचीत मशीन फिरवण्यात मला काही पुरुषार्थ वाटत नाही. ब्लॉक-ब्लॉकने केलं तर चोच उभ्या शिवणीवर येते, मग चालतं.

हातकाम उरलं कुठे याचं उत्तर वरच्या दोन परिच्छेदांत आलंच की. आणि जिथे मापाशी संबंध नाही, वेल काढायचीय किंवा क्विल्टिंगच्या रेघा मारायच्यात, तिथे तुमची ताटली जिंदाबाद, मी पण तेच करते.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, बाहेरची कडच कमानीची ठेवली तर कसं. तोच नकाशा वापरा, फक्त कमानी बाहेरच्या कडेजवळ सरकवा. त्या आधी कापू नका, नुसत्या आखा, तिन्ही थरांचं क्विल्टिंग होऊ द्या, आखणीवर कडेची कापडी पट्टी (बाइंडिंग) शिवा आणि मग कापा, नाहीतर उरेब कडा हातात खेळून खेळून सैल पडतात. पट्टी उरेबच लागेल, सरळ पट्टी वळणावर बसत नाही. तुमचा मधला भाग शिवून झाला असेल तर मध्यावरून घेतलेली दोन्ही मापं आणि बॉर्डरची रुंदी खाली टाका, कमान १२ च्या आसपास बसते की वेगळा आकडा घ्यावा लागतो ते बघून सांगते.